‘हं’ म्हणजे हो

१

लोक बोलून पोट भरतात, ताई ऐकून भरायची. कचेरीत रांगेनं टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पडदा आणि प्रत्येकीच्या डोक्यावर काळे हेडफोन. कुणी कुणाशी बोलायचं नाही. कानात कुठल्या तरी अनोळखी माणसाचा आवाज यायचा, एवढासा, शिंकेएवढा, आणि ताईनं ठरवायचं की हा माणूस हो म्हणाला की नाही म्हणाला.

कशाला हो, ते तिला कळायचं नाही. कंपन्या लोकांना फोन करत, नाहीतर घराघरांत ठेवलेली यंत्रं माणसांना विचारत, तुमचा फोटो वापरू का, तुमचं बोलणं साठवू का, तुमची माहिती अमक्याला देऊ का. माणसाच्या तोंडून होकार आल्याशिवाय कायद्यानं त्यांना पुढे सरकता येत नव्हतं. आणि तो होकार खराच आहे ना, हे सांगायला यंत्राचा कान पुरत नव्हता, माणसाचा लागायचा. प्रश्न मात्र कापून टाकलेला असे. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी हिच्या कानावर कशाला? प्रश्नाचं नुसतं शेपूट ऐकू यायचं, ‘...चालेल ना?’, आणि त्याच्या मागोमाग उत्तर. साहेब म्हणायचे, विषय तुमचा नाही, आवाज तेवढा तुमचा.

‘हो’ सोपं होतं, ‘नाही’ सोपं होतं. सगळा घोळ ‘हं’चा. आपल्या माणसांना गप्प बसून ऐकताच येत नाही. समोरचा बोलायला लागला की यांचं ‘हं, हं’ सुरू. म्हणजे ऐकतोय, बोल पुढे. कधी त्याचा अर्थ बघू, कधी त्याचा अर्थ आता पुरे कर बाबा. नियम करणाऱ्यांनी तो कुठे बसून केला होता कोण जाणे, त्यांना या ‘हं’ची नाडी कुठून कळणार? नियम असा, की प्रश्नापाठोपाठ एका श्वासात ‘हं’ आलं तर तो होकार. ताई बटण दाबून तसं लावायची आणि पुढचा आवाज घ्यायची. चूक क्वचितच व्हायची, म्हणून कचेरीत तिला कानसेनबाई म्हणत. ती हसून घ्यायची. हलक्या कानाची म्हणत नाहीत ना, मग झालं.

घरी गेली की पुन्हा ‘हं’च. तिचे वडील, आप्पा, उभा जन्म नळ दुरुस्त करत घरोघर फिरलेले. बोलके इतके, की नळ अर्ध्या तासात व्हायचा आणि गप्पा तासभर. मग अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली तेव्हा त्यांच्या तोंडून एकच आवाज परत आला. ‘हं.’ शेवटी किंचित नाकात अडकणारा, तोटी बंद करताना पाणी एक उचकी देतं तसा.

ताई लहान असताना आप्पा तिला रोज गोष्ट सांगत आणि अट घालत, हुंकार द्यायचा. तू थांबलीस की मी थांबलो. मध्येच तिचा डोळा लागायचा, हुंकार थांबायचा, आणि आप्पा गोष्ट तिथेच सोडून उठायचे. आता बाजू उलटली होती. संध्याकाळी ताई त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढायची आणि त्यांच्याच गोष्टी त्यांना सांगायची. एका बाईंच्या नळातून मासा आला, ती. एक गृहस्थ न्हाणीघरात कोंडले गेले आणि आतून आप्पांना दुरुस्ती शिकवायला लागले, ती. आणि सगळ्यांत आवडती, गळक्या नळाची. एक एकटी म्हातारी, घरात रात्रंदिवस टपटप. लेकानं आप्पांना पाठवलं, तर म्हातारी दारातच आडवी झाली. म्हणाली, एवढा एकच बोलतो माझ्याशी, त्याचंही तोंड बंद करता का?

आप्पा प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचे आणि या जागी तर दोनदा. तेवढ्यावर ताईचा दिवस सार्थकी लागायचा. बापलेकीत तेवढंच उरलं होतं, पण ते मात्र अख्खं होतं.

त्या संध्याकाळी तिनं गळक्या नळाची गोष्ट काढली आणि आप्पा गप्प राहिले. तिला वाटलं, लक्ष नाही. आवाज चढवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आप्पा तिच्याकडेच पाहत होते, अगदी लक्ष देऊन, पण पाहुण्याच्या घरची गोष्ट ऐकावी तसे. म्हातारी दारात आडवी झाली तरी हुंकार आला नाही. मग तिनं माशाची सांगितली. तिला लगेच आला.

होतं असं, डॉक्टर म्हणाले. मेंदू आहे, एखादा कप्पा मिटतो. ताईनं मान हलवली. मिटला असेल कप्पा. पण बरोबर एका गोष्टीएवढाच?

२

शेजारच्या काकू दुपारी येऊन आप्पांना जेवण वाढत. ताईच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याचकडे असायची. एके सकाळी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “काल सुट्टी घेतलीस वाटतं? आप्पांना गोष्ट सांगत होतीस. म्हटलं बापलेकीच्या मध्ये मी कशाला कडमडू, भांडी न नेताच परत गेले.”

काल ताई दिवसभर कचेरीत होती.

तिनं आधी काकूंच्या कानांना दोष दिला, मग वरच्या मजल्यावरच्या टीव्हीला. संध्याकाळी घरात शिरल्यावर मात्र तिची नजर फडताळावरच्या ठोकळ्यावर गेली. पांढरा, गुळगुळीत, मुठीत मावेल न मावेल असा. दूरदेशी नोकरी करणाऱ्या धाकट्या भावानं मागच्या खेपेला आणून ठेवलेला. आप्पांना गोळ्यांची आठवण करेल म्हणाला होता, आणि तो करायचाही, बारीक घंटी वाजवून. त्यापलीकडे त्याचं अस्तित्व ताईला कधी जाणवलं नव्हतं. घरात मीठ असतं तसा तो होता.

तिनं भावाला फोन लावला. तो आधी गुळमुळीत बोलला, आप्पा दिवसभर एकटे, आपल्याला कसंतरी होतं, वगैरे. मग कबूल झाला. ठोकळा नुसती घंटी वाजवत नाही, गप्पाही मारतो. घरातल्या माणसाच्या आवाजात मारल्या तर म्हाताऱ्यांना बरं वाटतं. ताईनं वर्षानुवर्षं पाठवलेले बोलके निरोप त्याच्या फोनमध्ये होतेच, ते त्यानं कंपनीला दिले. त्यातून त्यांनी तिचा आवाज उभा केला.

“अगं, तुझाच आवाज आहे. परका थोडाच आहे?”

“मला विचारलंस?”

“मी नाही, त्यांनी विचारलं. तुला फोन आला होता. तू हं म्हणालीस. त्यांच्याकडे आहे ते साठवलेलं.”

ताईला आठवलं. फोन कान आणि खांदा यांत धरून ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पलीकडून एक गोड मुलगी लांबलचक काही सांगत होती आणि हिचं मन आप्पांच्या मोज्याची जोडी शोधण्यात. हं, हं, हं.

“हं म्हणजे हो नसतं रे.”

“तूच तर दिवसभर त्याला हो लावतेस की,” भाऊ म्हणाला आणि हसला. टोमणा मारायचा म्हणून नव्हे, त्याला खरंच गंमत वाटली होती.

ताईनं फोन ठेवला. तिच्यासारखीच कुणी बाई कुठल्या तरी टेबलाशी बसून तिचं ते ‘हं’ ऐकत असेल, बटण दाबत असेल आणि तिला घरी जायची घाई असेल. त्या बाईवर तरी रागवायचं कोणत्या तोंडानं?

भांडून ठोकळा काढायचा तर आप्पांचं काय, हाही प्रश्न होताच. तिनं तो उचलून कपाटात ठेवून पाहिला, तर आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवणाला हात लावला नाही. पुन्हा फडताळावर ठेवल्यावर घास घेतला. आपला आवाज त्यांना इतका हवासा वाटतो, हे पाहून तिला आत कुठेतरी बरंही वाटलं. नंतर त्या बरं वाटण्याचीच तिला शिसारी आली.

३

तिनं एक दिवस अर्ध्या रजेचा अर्ज टाकला आणि भर दुपारी घरी आली. किल्ली न फिरवता दाराबाहेर उभी राहिली. जिन्यात ऊन पडलं होतं. कुणाच्या तरी घरी भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि विरला. मग दाराआडून ती स्वतः बोलायला लागली.

आपला आवाज बाहेरून ऐकणं कुणालाच आवडत नाही. ताईला वाटलं होतं, पत्र्यासारखा, खोटा असेल. तसा नव्हता. तो तिच्यापेक्षा चांगला होता. दिवसभर ऐकून कान किटलेली, जिने चढून दमलेली, गोष्ट सांगता सांगता घड्याळाकडे पाहणारी ताई त्यात नव्हती. ‘काल सांगितलं ना आप्पा’ असं खेकसणारी तर नव्हतीच. ही ताई निवांत होती. हिला कुठेही जायचं नव्हतं.

माशाची गोष्ट चालली होती. ठोकळ्यानं ती ऐकली कधी, हे कोडं नव्हतं. रोज संध्याकाळी तीच तर त्याच्या देखत सांगत होती. शब्दही तिचेच. आप्पांचे हुंकार ठरल्या जागी पडत होते. मग आतली ताई म्हणाली, “आणि तुम्ही बादली उपडी केलीत आप्पा, त्या बाईंच्या निळ्या दाराशी.”

बाहेरची ताई दचकली. दार निळं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं, तिनं कधी विचारलं नव्हतं. आणि आतून आप्पांचा हुंकार आला तो इतका खुशीत, जवळजवळ हसण्यासारखा, की दार निळंच असणार यात शंका राहिली नाही.

ती स्वतःची समजूत घालू लागली. यंत्र आहे, ठोकून देतं. कधी लागतं, कधी चुकतं. निळी दारं काय कमी असतात जगात? एवढ्यात गोष्ट संपली, आणि आतल्या ताईचा आवाज खाली आला, लाडीक झाला. लहान मुलाच्या हातून कात्री काढून घेताना माणूस बोलतं तसा.

“ही गोष्ट आता मी ठेवून घेते हं?”

“हं,” आप्पा म्हणाले.

ताईनं घाईनं किल्ली फिरवली. आत सगळं जिथल्या तिथे होतं. आप्पा खुर्चीत, ठोकळा फडताळावर, त्याचा हिरवा ठिपका लागलेला. ती आप्पांसमोर गुडघे टेकून बसली आणि धाप लागलेली असतानाच माशाची गोष्ट सांगायला लागली. नळ उघडला, आप्पा, आणि आतून काय आलं? मासा आला. चांदीसारखा, जिवंत.

आप्पा सगळं ऐकून घेत होते. नवलानं पाहत होते तिच्याकडे. हुंकार मात्र नव्हता.

४

ताईच्या कचेरीचं कायद्याचं पाहणाऱ्या वकीलबाई कॉफीच्या यंत्रापाशी भेटायच्या. बाई तोंडाळ, पण मनानं सरळ. ताईनं दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं, एखाद्याला फक्त ‘हं’ येत असेल, दुसरा शब्दच येत नसेल, तर त्याचा होकार धरायचा का?

“असं गिऱ्हाईक मिळालं तर कंपनी त्याचा फोटो भिंतीवर लावेल,” वकीलबाई म्हणाल्या. मग ताईचा चेहरा पाहून त्यांनी कप खाली ठेवला. “‘नाही’ म्हणता येत असेल तरच ‘हो’ला किंमत. कायद्यात तसं स्वच्छ आहे. पण ते बघायचं कुणी? तू आवाज ऐकतेस, मी कागद वाचते. माणूस बघणारं खातंच नाही आपल्याकडे.”

ताई टेबलाशी परतली. काही आवाज नेहमीसारखे गेले. कुणी खोकत हो म्हणालं, कुणी वैतागून नाही. मग कानात आलं, ‘...ठेवून घेते हं?’, आणि मागोमाग एका श्वासात, शेवटी नाकात अडकलेलं, ‘हं.’

तिनं ते पुन्हा लावून ऐकलं. आप्पाच. तशी नवलाची गोष्ट नव्हती. तिची कचेरी अशा दहा कंपन्यांचं ऐकण्याचं काम घेत होती, ठोकळेवालेही त्यांतले असतील. आवाजांचा असा ढीग रोज कुणा ना कुणाच्या वाट्याला जातो, आज हा हिच्या आला. आपलं माणूस असेल तर साहेबांना सांगायचं, दुसरीकडे पाठवायचं, असा नियम होता. पण दुसरीकडे म्हणजे दुसऱ्या बाईकडे, जी बटण दाबून मोकळी होईल. ताईनं नोकरीत पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं लावलं. ‘नाही.’

पुढचा आवाज आला. कुणी पुरुष विचारत होता, ‘...पाठवू का?’ आणि उत्तर आलं, ‘हं.’ तीच उचकी. ताईनं ‘नाही’ लावलं. त्याच्या पुढे एक तरुण बाई, ‘...चालेल ना?’ पुन्हा आप्पा. मग कुणी लहान मुलाशी बोलतात तशा स्वरात, ‘...हो की नाही रे?’ आणि आप्पा.

तिनं हेडफोन काढले. सगळीकडे वाकलेल्या माना आणि बटणांची टकटक. शेजारच्या टेबलावरची बाई तिच्या वयाचीच, जेवणाच्या सुट्टीत घराचे हप्ते आणि सासू या दोन विषयांवर बोलणारी. ताईनं तिच्या कानाला आपले हेडफोन लावले आणि विचारलं, कसा आवाज आहे? म्हातारा ना?

ती ऐकून म्हणाली, “बाई आहे की ही. तरुण आहे चांगली. कानसेनबाई, झोप काढा जरा.”

ताईनं पुन्हा ऐकलं. आप्पाच होते. आणि तिला पहिल्यांदाच असं वाटलं, की आजवर आपण होकार लावले ते नक्की कोणाकोणाचे, हे आपल्याला कधीच ठाऊक नव्हतं.

५

ठोकळेवाल्यांच्या मदतीच्या फोनवर एक मुलगा भेटला. अदबीनं बोलला. सेवा आप्पांच्या नावावर होती, कारण बोलायचं त्यांच्याशीच. आजवरचे होकार सगळे त्यांच्या स्वतःच्या तोंडचे. पुसून टाकायचं तर तेही त्यांनीच सांगायला हवं, मुलीनं सांगून कसं चालेल? उद्या कुणीही उठून आपल्या म्हाताऱ्या बापाच्या वतीनं बोलेल. त्यांच्या तोंडून ‘नको’ एवढं ऐकवा मॅडम, लगेच करतो.

ताईला यात खोट काढता येईना. आप्पांच्या हक्काचंच तर तो बोलत होता.

मग तिनं ‘नको’ शिकवायला घेतलं. आधी ठोकळ्याची वायर काढली, मग आप्पांचा हात हातात धरला आणि जीभ टाळ्याला कशी लावायची ते आपलं तोंड उघडून दाखवलं. न. न. आप्पा, न म्हणा. आप्पांच्या कपाळावर शीर उभी राहिली. ओठ वाकडे झाले, डोळ्यांत पाणी आलं, मान थरथरली. आणि एवढ्या खटाटोपानं, खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखं जे बाहेर आलं ते ‘हं’ होतं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच आलं. शेवटी ती म्हणाली, असू दे आप्पा, राहू दे, आणि त्यांचं तोंड पुसलं.

मग तिच्या डोक्यात आलं, की आपण किती वेड्या. प्रश्नच उलटा विचारायचा. नको आहे ना, असं विचारलं की ‘हं’चा अर्थ नको. तिनं त्या मुलाला पुन्हा फोन लावला. त्यालाही ते पटलं. म्हणाला, चालेल, प्रश्न स्पष्ट हवा आणि उत्तर एका श्वासात.

फोनचा आवाज मोठा करून तिनं तो आप्पांच्या मांडीवर ठेवला. मुलानं सावकाश विचारलं, “आजोबा, ही सेवा बंद करायची आहे ना? तुमचं सगळं पुसून टाकायचं आहे ना?”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग फडताळाकडे पाहिलं, तिथे ठोकळा वायरीशिवाय आंधळ्यासारखा बसला होता. त्यांचे ओठ मिटलेले होते.

“आप्पा,” ताई म्हणाली. “बंद करायचं ना?”

दिवसातून शंभरदा ज्याला त्याला हुंकार देणारे आप्पा. डॉक्टरांना, काकूंना, रस्त्यावरच्या हॉर्नलासुद्धा देणारे. ते गप्प बसून राहिले. पलीकडच्या मुलानं थोडी वाट पाहिली आणि म्हणाला, मॅडम, उत्तर नाही आलं.

तिनं फोन बंद केला. दोनच अर्थ निघत होते आणि दोन्ही गिळवत नव्हते. एक, आप्पांना तीच हवी होती, ती न दमणारी, निळं दार माहीत असलेली, आणि आयुष्यातलं पहिलं ‘नाही’ त्यांनी आपल्या लेकीला दिलं होतं. माणसाला हवं ते त्यानं मागितलं तर त्याला आडवं जाणारी आपण कोण? दुसरा अर्थ असा, की द्यायला आता त्यांच्याजवळ हुंकारच उरला नव्हता.

६

त्यानंतर आप्पा कशालाच ‘हं’ म्हणाले नाहीत. घास दिला तर खात, हात धरला तर उठत. डोळे तेवढे ताईच्या मागे मागे फिरत. काकू येऊन त्यांच्या कानात ओरडून गेल्या, डॉक्टरांनी नवीन गोळ्या लिहून दिल्या. भावाला कळवलं तर तो फोनवर रडला. ठोकळ्याची वायर तिनं गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खणात टाकली होती. ठोकळा तसाच फडताळावर. परत घ्यायला कंपनी तयार नव्हती आणि फेकून द्यायला हिचा हात होत नव्हता. आप्पांच्या सगळ्या गोष्टी त्यात असतील तर? घर जळतंय म्हणून कुणी पेटी विहिरीत टाकतं का?

एक सुट्टीची दुपार होती. खिडकीतून उजेड आला होता, खुर्चीचे पाय, स्टूल, आप्पांच्या चपला, सगळं लख्ख दिसत होतं. खोलीत काही लपायला जागाच नव्हती. ताईनं ठरवलं, जुन्या गोष्टी गेल्या तर गेल्या, नवीन सांगू. तिच्या स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी एकही गोष्ट नव्हती, सगळा जन्म दुसऱ्याचं ऐकण्यात गेलेला. तेव्हा तिनं एक रचायला घेतली. एक होती बाई, ती दिवसभर नुसती ऐकायची. एकदा तिच्या कानात काय आलं आप्पा, सांगा बघू.

आप्पा पाहत राहिले.

ती नेटानं पुढे गेली. त्या बाईला बाजारात पाठवली, पावसात भिजवली, वाट चुकवली. हुंकाराशिवाय गोष्ट सांगणं म्हणजे हात न लावता भिंत चढणं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती थांबायची आणि त्या जागेत खोलीचा आवाज यायचा. शेवटी तिचा घसा कोरडा पडला. बाईचं पुढे काय करायचं ते सुचेना. ती गप्प झाली.

तेव्हा कुणीतरी घसा खाकरला.

ते खाकरणं तिनं झोपेतसुद्धा ओळखलं असतं. आप्पा गोष्टीला बसताना तसं खाकरायचे, तपकिरीच्या सवयीमुळे थोडं घोगरं. वाचा जायच्या आधीचं, अंग धडधाकट असतानाचं. त्याच्यामागून त्यांचा आवाज आला, भरलेला, जुना, अख्ख्या शब्दांचा.

“दमलीस बाळा? मी सांगू?”

ताईनं आप्पांकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. तिनं मान वळवून फडताळाकडे पाहिलं नाही. डोक्यात मात्र एकामागून एक कारणं येऊन उभी राहिली. आत बॅटरी असेल, वायर काढली तरी चालत असेल. भावाकडे आप्पांचे जुने व्हिडिओ आहेत, त्यानं तेही देऊन टाकले असतील, त्यालाही कुणी गोड बोलून विचारलं असेल. सगळी पटण्यासारखी होती. एकही तिच्या उपयोगी पडलं नाही, कारण आपल्याला कुणी गोष्ट सांगू का म्हणून विचारल्याला किती काळ लोटला होता, हे तिला त्याच क्षणी कळलं. ती एवढीशी झाली. अंथरुणात, पाय पोटाशी घेतलेली.

“सांगू ना?”

“हं,” ताई म्हणाली.

म्हणाली असंही नाही. तिच्या तोंडून ते निघून गेलं, श्वास जातो तसं. आणि मग तिला दिसलं, की समोरच्या खुर्चीत आप्पांचा चालता डावा हात केव्हाचा उठलेला आहे. सगळं अंग एका बाजूला ओढून, खुर्चीवरून पडायच्या बेतात येऊन, ते तो हात तिच्या तोंडाकडे आणत होते. त्यांचे डोळे कधी नव्हते एवढे मोठे झाले होते. नळाच्या पान्ह्यानं घट्टे पडलेला तो तळहात तिच्या ओठांवर येऊन दाबून बसला, तेव्हा गोष्ट सुरू झालेली होती.